माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली बुधवारची नोव्हेना

रिपोर्टमध्ये काय निघेल, नोकरी टिकेल का, पोरगं मार्गाला लागेल का, असली धास्ती पोटात घेऊन बुधवारी माहीमला जाणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. १९४८ पासून इथे मरिया मातेची ही नोव्हेना, म्हणजे ओळीने नऊ बुधवार करायची प्रार्थना, होते आहे. दिवसभर वेगवेगळ्या भाषांत तिच्या फेऱ्या चालतात. मराठीची वेळ आवारातल्या फलकावर पाहून घ्यावी.

आत गेल्यावर आधी बाळ येशूला घेतलेल्या मरिया मातेचं चित्र नीट पाहा. बहुतेक जण हात जोडून पुढे सरकतात आणि नेमकं तेच राहून जातं. मूळ चित्र रोममधल्या सेंट आल्फोन्सस चर्चमध्ये आहे. पोप नववे पायस यांनी १८६६ मध्ये ते रिडेम्प्टोरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या हवाली केलं. दोन बाजूंना दोन देवदूत आहेत. आपल्या डावीकडचा मायकल, म्हणजे याच चर्चचा संत, भाला आणि आंब बुडवलेला स्पंजाचा बोळा धरून आहे. उजवीकडच्या गॅब्रिएलच्या हातात क्रूस आणि खिळे. पुढे आपल्या मरणाच्या वेळी वापरली जाणारी ही साधनं पाहून बाळ येशू दचकलाय. पायातली चप्पल निसटून बंदावर लोंबते आहे, दोन्ही हात आईच्या हातात आहेत. इथे घाबरलाय तो खुद्द देवाचा मुलगा. म्हणून ‘श्रद्धा कमी पडते म्हणून भीती वाटते’ हे जे भाविकांना उगाच ऐकवलं जातं, ते या चित्रापुढे टिकत नाही.

प्रार्थनेत गीत, मरियेची विनवणी, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आणि साक्रामेंताचा (ख्रिस्ताचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीचा) आशीर्वाद असतो. पण खरी ताकद पत्रांत आहे. लोक विनंतीची आणि आभाराची पत्रं लिहून देतात, त्यांतली काही वाचली जातात. आपल्यासारख्याच अडचणीतून कुणीतरी बाहेर पडल्याचं परक्या माणसाच्या शब्दांत कानावर येतं, तेव्हा जो धीर येतो तो प्रवचनाने क्वचितच येतो. पत्र चार-पाच ओळींचं पुरे. नाव, फोन नंबर, हॉस्पिटलचे कागद त्यात घालू नका. ‘सगळं चांगलं कर’ असं मोघम लिहिण्यापेक्षा नेमकी कशाची भीती आहे ते लिहावं. लिहिता लिहिताच ती थोडी आटोक्यात येते.

गफलत होते ती नऊच्या आकड्यात. येशूच्या स्वर्गारोहणानंतर शिष्यांनी पवित्र आत्म्याची वाट पाहत प्रार्थनेत घालवलेल्या नऊ दिवसांवरून ही प्रथा आली. म्हणजे नऊ बुधवार हा वाट पाहण्याचा सराव आहे, नवसाचा हप्ता नव्हे. सहावा बुधवार चुकला म्हणून सगळं फुकट गेलं, असं चर्च शिकवत नाही. बाहेर मेणाची घरं, बाळं, हातपाय विकायला असतात. हवं तर घ्या, पण त्यावाचून प्रार्थनेत काही उणं राहत नाही. (विक्रेते अर्थातच वेगळं सांगतील.) आणि छाती धडधडून झोपच उडाली असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

काही वेळांना नोव्हेनाला जोडून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, असते. तेव्हा कम्युनिअनची, म्हणजे ती पवित्र भाकरी घेण्याची, रांग फक्त कॅथलिकांसाठी. इतरांनी जागेवर बसून राहिलं तरी कुणाला खटकत नाही.

गैरसोय एकच, पण मोठी: गर्दी. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर आत शिरणंच कठीण, मग चित्र कुठलं दिसायला! गर्दीत जीव घुसमटणाऱ्याने ती वेळ टाळावीच. दुपारी त्या मानाने निवांत. माहीम स्टेशनला पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. गाडी आणलीत तर लेडी जमशेटजी रोडवर अडकलात म्हणून समजा. सोबत म्हातारं माणूस असेल तर प्रार्थना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे बाकावर जागा मिळते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.