श्रीलंका की मालदीव: सहलीचा पैसा कुणाच्या हाती पडतो?

2024 मध्ये श्रीलंकेत साधारण साडेवीस लाख परदेशी पर्यटक आले. मालदीवमध्येही जवळपास तितकेच आले. पण श्रीलंकेची लोकसंख्या सुमारे 2.2 कोटी आहे आणि मालदीवची जेमतेम पाच लाखांच्या आसपास. मुंबईहून दोन्हीकडे दोन-तीन तासांत पोचता येतं, म्हणून सुट्टीचं ठरवताना ही दोन नावं एकाच दमात घेतली जातात. त्यांची तुलना बहुधा समुद्राचा रंग आणि पॅकेजचा भाव इथेच थांबते. त्यापुढचं थोडं बघून मग ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.

श्रीलंकेची गोष्ट आधी, कारण ती लांबलेली आहे. 2018 हे तिथलं सुगीचं वर्ष होतं: 23 लाखांवर पाहुणे आणि जवळपास 4.4 अब्ज डॉलरची कमाई. 21 एप्रिल 2019 ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यातून सावरेपर्यंत कोविड आला आणि 2021 मध्ये वर्षभरात दोन लाखही पर्यटक आले नाहीत. मग डॉलरच संपले. युक्रेनच्या युद्धाने तेल महागलं, शिवाय त्या हंगामात रशिया आणि युक्रेनमधून येणारे पाहुणे ही मोठी भिस्त होती, तीही गेली. एप्रिल 2022 मध्ये सरकारने परदेशी कर्जफेड थांबवली. पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा लागल्या, मग क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा सुरू झाला. त्या काळात भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत केली. नाणेनिधीचं 2.9 अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर व्हायला मार्च 2023 उजाडला.

आज आकडे बघून कुणीही म्हणेल की श्रीलंका सावरली. 2025 मध्ये पाहुण्यांची संख्या 23.6 लाखांच्या घरात गेली, 2018 चा उच्चांक मोडला. कमाई मात्र सव्वातीन अब्ज डॉलरच्या आसपासच अडकली. माणसं परत आली, पैसा पूर्ण आला नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. ती तिथे गेल्यावर दिसतेही. तुम्ही भाड्याने घेतलेली गाडी जुनी असेल आणि तरी भाडं अपेक्षेपेक्षा जास्त वाटेल. डॉलर वाचवण्यासाठी 2020 मध्ये सरकारने गाड्यांची आयात बंद केली आणि ती 2025 पर्यंत खुली झाली नाही, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले. हॉटेलात नवखी मुलं जेवण वाढताना दिसतील, कारण एकट्या 2022 मध्ये तीन लाखांहून अधिक लोक नोकरीसाठी देश सोडून गेले. त्यांत अनुभवी आचारी आणि वेटरही होते. सेवा कुठे ढिली वाटली, तर एवढं लक्षात ठेवून जरा सबुरीने घ्या.

मालदीवची घसरण वेगळी झाली. एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही रचना कोविडमध्ये वरदान ठरली. जुलै 2020 मध्येच त्यांनी दारं उघडली आणि 2023 पर्यंत 2019 ला मागे टाकून पाहुणे 18 लाखांवर गेले. तरीही देश कर्जात आणि डॉलरच्या टंचाईत आहे, कारण तांदूळ, भाजी, डिझेल, सिमेंट, सगळं बाहेरून येतं. रिसॉर्टमध्ये राबणारे हातही मोठ्या प्रमाणात बांगलादेशी, भारतीय आणि श्रीलंकन आहेत. पाहुण्याने दिलेला डॉलर बेटावर टिकतच नाही. म्हणून 2024 च्या अखेरीस सरकारने रिसॉर्टना डॉलरचा ठरावीक हिस्सा स्थानिक बँकांत बदलायची सक्ती केली. ऑक्टोबर 2024 मध्ये भारताने 40 कोटी डॉलर आणि 3,000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची, म्हणजे आपलं चलन ठेवून तात्पुरते डॉलर-रुपये उचलण्याची, सोय करून दिली, तीही जानेवारीत मोदींच्या लक्षद्वीप भेटीवर मालदीवच्या मंत्र्यांनी केलेल्या शेऱ्यांच्या वादानंतर भारतीय पाहुणे झपाट्याने घटले त्याच वर्षी.

ही टंचाई तुमच्या बिलात उतरते. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी रोज 12 डॉलर झाला. चौघांचं कुटुंब चार रात्री राहिलं तर नुसता हा कर 192 डॉलर. स्थानिक लोक राहतात त्या वस्तीच्या बेटांवरच्या छोट्या गेस्टहाउसमध्ये तो निम्मा आहे. शिवाय बिलावर पर्यटन जीएसटी 17 टक्के. दूरच्या रिसॉर्टवर नेणाऱ्या सी-प्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं, तिकीट वेगळं आणि ते माणशी काही शे डॉलरच्या घरात जातं. सी-प्लेन फक्त दिवसाउजेडीच उडतं, त्यामुळे विमान संध्याकाळी उतरलं तर एक रात्र राजधानी मालेजवळ काढावी लागते. पॅकेज स्वस्त दिसलं की आधी या ओळी तपासा.

आता निवड. आई-वडील आणि मुलं बरोबर असतील, सात-आठ दिवस असतील, तर माझं मत निःसंकोच श्रीलंका. सिगिरिया, कँडी, चहाचे मळे, गालचा किल्ला, यालाचं जंगल एकाच फेरीत होतं, आणि पैसा गाडीवाला, खानावळ, होमस्टे असा हाताहातांतून फिरतो. सगळं पॅकेज इथूनच भरून टाकू नका. राहणं छोट्या घरगुती ठिकाणी घ्या आणि चालक-गाइड तिथलाच ठरवा. बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं. स्मारकांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना बहुतेक ठिकाणी सवलत मिळते, पासपोर्ट खिशात असू द्या. जेवण आपल्या कोकणाला फार जवळचं आहे: फणसाची भाजी, नारळाच्या दुधातली डाळ, कोकमाच्या जातकुळीतल्या गोरक्याने आंबट केलेला मासा. शाकाहारी मंडळींनी मात्र ओल्या खोबऱ्याच्या ‘पोल सांबोल’ची आधी चौकशी करावी. त्यात बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो.

नवीन लग्न झालेलं जोडपं, हाताशी चारच दिवस, प्रवासाची दगदग नको: मग मालदीव. तिथे पोहण्याचा आणि प्रवाळ बघण्याचा आनंद श्रीलंकेत मिळणार नाही, हे खरंच आहे. तरी निदान दोन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर काढा. मालेहून स्पीडबोटीने पाऊण तासात पोचता आणि भाडं तिथल्याच कुटुंबाला मिळतं. दारू या बेटांवर मिळत नाही आणि पोहण्याचे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. हे पटत असेल तरच जा. व्हिसा उतरल्यावर फुकट मिळतो. श्रीलंकेचे नियम मात्र वारंवार बदलले आहेत, तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघा.

तारखांबद्दल: मे महिन्यात मालदीवमध्ये पावसाळा लागलेला असतो, म्हणूनच तेव्हा पॅकेज उतरतात. श्रीलंकेत दोन पावसाळे आहेत आणि ते आलटून-पालटून येतात. मे ते सप्टेंबर पूर्वेचा त्रिंकोमाली, पासिकुडाचा किनारा कोरडा असतो, डिसेंबर ते मार्च दक्षिणेकडचे गाल आणि मिरिसा. दिवाळीचे दिवस दोन्हीकडे बेभरवशाचे. 2025 च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो बळी घेतले आणि डोंगरातला रेल्वेमार्गही जागोजागी उखडला. कँडी ते एल्ला ट्रेन हेच आकर्षण असेल, तर कुठल्या टप्प्यावर गाडी सुरू आहे ते विचारूनच मुक्काम ठरवा.