बाजारची पिशवी: नॉन-वोव्हन, घडीची नायलॉन की जुन्या चादरीची?

सोलापुरातल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर आज तीन प्रकारच्या पिशव्या एकत्र लटकलेल्या दिसतात: दुकानातून आलेली रंगीत नॉन-वोव्हन, खिशात मावणारी घडीची नायलॉन आणि घरी किंवा शिंप्याकडून शिवून घेतलेली कापडी. रविवारी लक्ष्मी मंडईत जाताना त्यांतली कोणती उचलायची, हा प्रश्न किरकोळ वाटला तरी ज्याला आठवड्यातून दोनदा भाजी आणि महिन्यातून एकदा किराणा आणायचा असतो, त्याच्यासाठी तो किरकोळ नाही. तिन्ही पिशव्या मी काही वर्षे आलटून पालटून वापरल्या आहेत आणि शेवटी एकीवर स्थिरावलो आहे. माझा अनुभव एका कुटुंबाचा आणि एका स्कूटरचा आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

प्रथम बाजारातल्या सवयीविषयी, कारण पिशवीची निवड तिथेच ठरते. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडल्यास ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, असे त्याचे स्वरूप होते. त्या पावसाळ्यात मंडईत येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस घरून काही ना काही घेऊन येत असे. उशीच्या अभ्र्यात बटाटे नेणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. दिवाळी उलटून गेली आणि पातळ पिशव्यांची बंडले पाटीखालच्या गोणपाटातून पुन्हा बाहेर येऊ लागली. मी नेहमी ज्यांच्याकडून पालेभाजी घेतो त्या मावशींना एकदा न राहवून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मालक, मी नाही म्हणलं तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीवर जातंय. तिनं दिली की तिची भाजी खपती, माझी राहती.” त्यांच्या बोलण्यात मला लबाडी दिसली नाही. पाच-दहा रुपयांच्या जुडीवर दिवस काढणाऱ्या बाईने गिऱ्हाईक घालवून कायदा पाळावा, ही अपेक्षा करण्याआधी पिशवी न आणणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपल्या हाताकडे पाहायला हवे.

आणखी एक सवय मला फार बोलकी वाटते. कांदे-बटाट्यांसाठी मोठी कापडी पिशवी घेऊन येणारा माणूसही कोथिंबिरीची जुडी हातात आली की म्हणतो, “ही ओली आहे, हिला वेगळी कॅरीबॅग द्या.” म्हणजे अडचण पिशवी नसण्याची नाही, ओल्या भाजीची आहे. कोणतीही पिशवी निवडताना हा ओल्या जुडीचा प्रश्न ती कसा सोडवते, हे आधी पाहावे असे मला वाटते.

आता नॉन-वोव्हनविषयी. हिला बहुतेक लोक कापडी पिशवीच म्हणतात आणि ज्या शहराने मागावर पोट भरले, तिथेही तसेच म्हणतात, याचे मला वाईट वाटते. ती हातात घेऊन उजेडासमोर धरावी. कापडात उभा आणि आडवा धागा एकमेकांत गुंतलेला दिसतो. हिच्यात तो कुठेच नसतो, फक्त उष्णतेने दाबून बसवलेल्या बारीक ठिपक्यांची नक्षी असते. एक कोपरा कापून काडी लावली तर सुताची जळून राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो, तर ही वितळून तिचा कडक मणी होतो. ही पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच पिशवी आहे. राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेने म्हणूनच तिलाही बंदीत धरले होते. पुढे केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली, तशी साध्या प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगलाही ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीची अट आहे. दुकानात मिळणारी पिशवी ६० ग्रॅमची आहे की तीसची, हे बोटांनी ओळखता येते: बोट पलीकडून स्पष्ट दिसत असेल, तर ती फार दिवसांची सोबती नाही.

तिच्या बाजूनेही बोलायला हवे. ती वजनाला हलकी असते, बूड चौकोनी असल्याने स्कूटरच्या पायापाशी उभी राहते, स्वस्त असते आणि कपड्यांच्या दुकानातून तर न मागता घरी येते. मी स्वतः दोन वर्षे हीच वापरली आणि बरी वाटली म्हणूनच वापरली.

माझे मत बदलले ते एका मेथीच्या जुडीमुळे. एक चांगली जाड, निळ्या रंगाची नॉन-वोव्हन पिशवी मी स्कूटरच्या हुकाला कायमची अडकवून ठेवली होती, म्हणजे विसरण्याचा प्रश्न नको. सोलापूरचा एप्रिल आणि मे ज्याने काढला आहे, त्याला ती स्कूटर दिवसभर कोणत्या उन्हात उभी असते हे सांगायला नको. पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि सावली मिळेलच असे नाही. जूनच्या पहिल्या रविवारी त्या पिशवीत दोन जुड्या मेथी, एक जुडी शेपू आणि वर दोन किलो कांदे आणले. घराच्या पायरीवर पिशवीचा एक बंद मुळापासून निघाला आणि कांदे अंगणात पसरले. तेवढ्याने माझे काही बिघडले नसते. परंतु आई मेथी निवडायला बसली आणि थोड्या वेळाने तिने मला हाक मारून ताट पुढे केले. पानापानाला, विशेषतः ओल्या देठांना, निळे तंतू चिकटलेले होते. केसाहून बारीक, धुतले तरी न जाणारे, चिमटीत धरले की तुटून आणखी बारीक होणारे. पिशवी आतून चोळून पाहिली, तर तळहातावर निळी भुकटी आली. आईने एकेक पान पुसायचा प्रयत्न केला, चष्मा दोनदा पुसला आणि शेवटी ती सगळी मेथी टाकून दिली. आमच्या घरात निवडलेली भाजी टाकून देण्याची ती पहिलीच वेळ असावी.

नंतर कळले की पॉलिप्रॉपिलीन उन्हाने असेच ठिसूळ होते. त्यात उन्हापासून वाचवणारे द्रव्य मिसळलेले नसेल, तर लवकर होते. सावलीत, कपाटात ठेवलेली पिशवी जास्त टिकेल, हे मी मान्य करतो, आणि ज्यांची मोटार तळघरात उभी राहते त्यांना हा त्रास कदाचित कधीच होणार नाही. मात्र ज्या शहरात बाजारहाट दुचाकीवर होतो आणि ऊन आठ महिने असते, तिथे पिशवीची भुकटी होऊन ती अन्नात उतरणे, ही गोष्ट मला बाकी सगळ्या सोयींपेक्षा जड वाटली.

घडीच्या नायलॉन पिशवीवर मी फार बोलणार नाही, कारण तिचे काम वेगळे आहे. ती खिशात राहते, म्हणजे कचेरीतून परतताना अचानक डाळिंबे घ्यावीशी वाटली तर हाताशी असते, आणि हा गुण बाकी कुठल्याच पिशवीत नाही. माझ्या पत्नीची ती आवडती आहे. दोन उणिवा मला जाणवल्या. पाच किलोंच्या पुढे गेले की तिचे बंद दोरीसारखे गोळा होऊन बोटांत रुततात. आणि उन्हाळ्यात ओली पालेभाजी तिच्यात अर्धा तास राहिली की आत वाफ धरते व पालक शिजल्यासारखा मलूल होतो. फळे, बिस्किटे, शेंगाचटणीची पाकिटे यांसाठी तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तागाची पिशवी दिसायला चांगली असते, पण तिला आतून बहुधा प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि ते सुटू लागले की ती धुता येत नाही. वायरची विणलेली पिशवी मात्र नारळ आणि काकड्यांसाठी आजही उत्तम आहे.

आता चादरीची पिशवी. मेथीच्या त्या प्रसंगानंतर आईनेच ट्रंकेतली एक जुनी सोलापुरी चादर काढून दिली. मधोमध विरलेली होती, पण दोन्ही बाजूंचे काठ घट्ट होते. जिला भौगोलिक मानांकन आहे ती ही आपली चादर, आणि तिचा जाड दुपदरी वीण ज्यांनी हाताळला आहे, त्यांना तिच्या टिकाऊपणाबद्दल वेगळे सांगायला नको. शिंप्याने तिच्या काठांतून दोन मोठ्या पिशव्या काढल्या. त्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगितली आणि तुम्हीही सांगावी: बंद फक्त तोंडाशी टाचू नयेत, तर ते दोन्ही अंगांनी खाली उतरवून बुडाखालून फिरवून घ्यावेत. मग ओझे शिवणीवर न पडता पट्ट्यावर पडते. बूड चौकोनी ठेवावे, नाही तर टमाटे कोपऱ्यात जमून चेपतात. आत त्याच कपड्याचा एक छोटा कप्पा सुट्ट्या पैशांसाठी घेतला आहे.

ओल्या कोथिंबिरीसाठी आईच्या जुन्या नऊवारीतून नाडीच्या तीन लहान पिशव्या शिवल्या आणि त्या मोठ्या पिशवीतच ठेवल्या. जुडी त्यात घालून दिली की पाणी बाहेर झिरपून जाते आणि पाने आत ताजी राहतात. उन्हाचा दिवस असेल तर मी त्या पिशव्या मंडईतल्या नळावर भिजवून घेतो. मावशींनी पहिल्यांदा जरा विचित्र पाहिले. आता मी दिसलो की त्या हात पुढे करतात: “द्या तुमची नाडीची.”

तोटे आहेत. ही पिशवी जड आहे आणि खिशात मावत नाही. हळदीचा आणि गुळाचा डाग जात नाही. दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. आपल्याकडे पाऊस कमी आणि ऊन मुबलक असल्याने तासाभरात वाळते, पण कोकणात राहणाऱ्या वाचकाने हा भाग माझ्या भरवशावर घेऊ नये.

सगळ्यांत गंभीर आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी हवामानावरील परिणामात बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, तर नॉन-वोव्हन फक्त ११ वेळा. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानापुरता सुती पिशवीचा आकडा ५२ आहे, पण सगळे परिणाम धरले तर तो ७,१०० वर जातो. आठवड्यातून दोनदा या हिशेबाने १३१ फेऱ्या सव्वा वर्षात पुऱ्या होतात. ७,१०० ला मात्र ६८ वर्षे लागतील. हा दुसरा आकडा वाचून मी खरोखर अस्वस्थ झालो होतो.

तरीही दोन गोष्टी माझ्या मनाला पटतात. पहिली, हे आकडे नव्या कापसापासून नव्याने विणलेल्या पिशवीचे आहेत. माझ्या पिशवीचे कापड आधीच बारा-तेरा वर्षे अंथरुणावर राबले होते, आणि पिशवी केली नसती तर त्याचे पायपुसणे झाले असते. म्हणून नवी, छापील मजकुराची सुती पिशवी विकत घेण्याचा सल्ला मी देत नाही. समारंभात वाटल्या जाणाऱ्या अशा पिशव्यांचा ढीग घरात साचत असेल, तर या अभ्यासांचा आक्षेप त्यांना पुरेपूर लागू होतो. दुसरी, डेन्मार्कच्या त्या अभ्यासात उघड्यावर पडणारा कचरा धरलेला नाही, कारण तिथली पिशवी शेवटी गोळा होऊन भट्टीत जाते. आपली पिशवी नाल्यात जाते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांची चर्चा झाली आणि २००६ मध्ये राज्याने पिशवीला किमान ५० मायक्रॉन जाडीची अट घातली, ती याच कारणाने. आमच्या पेठेत पहिला मोठा पाऊस झाला की गटाराच्या जाळीवर काय येऊन बसते, ते मी दरवर्षी पाहतो. त्यात चादरीचा तुकडा मी अजून पाहिलेला नाही, निळ्या-हिरव्या नॉन-वोव्हनच्या चिंध्या मात्र आता पातळ पिशव्यांच्या बरोबरीने असतात.

तेव्हा ज्यांची खरेदी बहुतांशी वाटेत, बस बदलताना किंवा कचेरी सुटल्यावर होते, त्यांनी घडीची नायलॉन घ्यावी, तीच त्यांच्याजवळ खरोखर असेल. ज्यांच्याकडे नॉन-वोव्हन पिशव्या आधीच आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. सावलीत ठेवून कोरड्या सामानासाठी फाटेपर्यंत वापराव्यात, पालेभाजीसाठी नकोत. आणि ज्यांची मंडई ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी असते, त्यांनी ट्रंक उघडून पाहावी, असे मला मनापासून वाटते. पिशवी विसरू नये म्हणून मी ती धुऊन वाळली की स्कूटरच्या किल्लीच्याच खिळ्याला अडकवतो. दोन पिशव्यांपैकी एकीचा काठ गेल्या दिवाळीत उसवला होता. शिंप्याने दहा रुपये घेऊन तो पुन्हा मारून दिला आणि दुसरीही बरोबर आणायला हवी होती, असे म्हणाला.