लावणी + कंटेम्पररी : बाईंसाठी जा, एलईडीसाठी नको

काल पुण्यात लावणी आणि कंटेम्पररी डान्स एकत्र करणारा एक प्रयोग बघितला, दीड तासाचा, तिकीट ४०० रुपये. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरं नवीन आहेत, मेहनती आहेत, दुसराच प्रयोग होता त्यांचा.

पहिली वीस मिनिटं डोक्यावरून गेली. फॉग मशीन फुल्ल चालू, मागे एलईडी स्क्रीनवर पैठणीचा पदर लाटांसारखा हलतोय आणि सहा मुली काळ्या ट्रॅकपँटमध्ये जमिनीवर लोळतायत, आता लोळायला माझी काही हरकत नाही पण लावणी कुठाय? पायात चाळ बांधलेले होते पण खाली ती रबरी मॅट, टाचेचा ठोका तीच गिळून टाकते, खाली माईक नाही आणि वर रेकॉर्डेड ट्रॅक ढणाढणा, मग ते चाळ बांधले कशाला तेवढं तरी सांगा.

मग बाई आल्या. सगळं आयुष्य संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या पार्टीत, काढलेल्या, हिरवी नऊवारी, स्टेजच्या मधोमध येऊन सरळ बसल्याच. पेटी, तबला, ढोलकी, सगळं लाइव्ह. बैठकीची लावणी हो, वाईच्या यमुनाबाई वाईकर (पद्मश्री, २०१२) ज्यासाठी नावाजल्या गेल्या ती. एकच ओळ बाईंनी सात-आठ वेळा घोळवली, एकदा रुसून, एकदा लटक्या रागात, एकदा नुसती भुवई उडवून, आणि दरवेळी अर्थ वेगळा! अंगावर काटा आला राव.

आणि इथेच लाइटवाल्याने घात केला. कंटेम्पररीला साईडने लाइट मारतात, अंगाच्या रेषा उठून दिसतात, ते ठीकच आहे, पण बैठकीत सगळा खेळ चेहऱ्यावर आणि नेमका तोच अर्धा अंधारात. मी नवव्या रांगेत, बाईंची डावी भुवई मला शेवटपर्यंत दिसली नाही.

पण शेवटची दहा मिनिटं, बास. स्क्रीन बंद, ट्रॅक बंद, त्या सहातली एक मुलगी बाईंच्या मागे येऊन बसली. बाई बसल्या जागी मान वळवतात, पोरगी तीच मान अख्ख्या पाठीने वळवते. बाई पदर सावरतात, हिचा आख्खा हात खांद्यापासून सावरला जातो. कुणी कुणाची नक्कल करत नाही, आणि ढोलकीवाल्याने तोडा सोडला की दोघी एकदम समेवर थांबतात. फ्युजन म्हणतात ते हे. तसं आपल्याकडे हे काय नवीन नाही, १९७२ च्या घाशीराम कोतवाल नाटकात ओळीने उभ्या माणसांची भिंत हाच पडदा होता आणि ती भिंत गायची, नाचायची, कुठे लागला होता एलईडी?

प्रयोगाआधी लावणीवर बारा मिनिटांचं भाषण आहे, तेही निम्मं इंग्रजीत, तेव्हा आरामात चहा घेऊन आत गेलात तरी चालेल. तिकीट पहिल्या चार रांगांतलंच घ्या. शिट्टी येत असेल तर वाजवा, बाईंनी स्वतः सांगितलं होतं पण आमचं पब्लिक हाताची घडी घालून बसलेलं, जसं काही तिमाही परीक्षेला आलंय.

साडेतीन स्टार. त्यातला अर्धा ढोलकीवाल्याचा, लाइट डिझायनरपासून पोस्टर करणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं पत्रिकेत होती, फक्त त्याचंच नव्हतं.