टॅगस्पेसेस: आठ महिन्यांचा वापर आणि ‘डायऱ्या’मधला अर्धा र

लॅपटॉप फॉरमॅट करायचा म्हणून बाबांच्या डायऱ्यांची स्कॅन केलेली ११४० पानं पेनड्राइव्हवर काढून ठेवली. परत घेतली, तर एकाही फायलीवर टॅग, म्हणजे विषयाची खूण, नाही. दोन महिने रोज रात्री बसून लावले होते. लावणी, बैल, विहीर, आजारपण, सगळे गेले. मी लिनक्सच्या (विंडोजऐवजी वापरतात ती प्रणाली) फाइल मॅनेजरमधूनच टॅग लावत होते. ते फायलीच्या आत जात नाहीत, डिस्कवर तिच्या जोडीला वेगळी नोंद म्हणून राहतात. माझा पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यावर ही नोंद टिकत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

म्हणून टॅगस्पेसेस या फायलींना टॅग लावायच्या ॲपकडे वळले. फुकट आवृत्ती घेतली, त्यावर पैसे खर्च करायची आजवर गरज पडलेली नाही. टॅग चौकोनी कंसात थेट फायलीच्या नावातच बसतो: ‘१९८७-०६-१४[डायऱ्या लावणी पाऊस]’. सुरुवातीला ही लांबलचक नावं बघून जीव घाबरायचा, आणि पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना ‘नका घेऊ’ म्हणून सांगत होते. ते मत आता पार बदललं आहे. पेनड्राइव्ह, मोबाइल, भाचीचा विंडोज संगणक, कुठेही न्या, नावाबरोबर टॅग जातोच.

आता मराठीत टॅग लावणाऱ्यांनी हे नीट वाचा. जुलैमध्ये ‘डायऱ्या’ शोधलं तर जेमतेम निम्मी पानं आली. टॅगच्या यादीत ‘डायऱ्या’ दोनदा, दिसायला तंतोतंत सारखं. अर्ध्या पानांचे टॅग मी लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने टंकले होते, तिथे ऱ ही वेगळी कळ आहे. बाकीच्यांचे मोबाइलवर, आणि तिथल्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला दोन. एकात सात चिन्हं, दुसऱ्यात आठ. प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं एकक), म्हणजे २१ आणि २४. लिनक्सवर फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, त्यामुळे मराठीत काना-मात्रा-वेलांट्या धरून फार तर ८५ चिन्हं मावतात. तारीख आणि चार-पाच टॅग एवढंच बसवायचं, वाक्यं लिहायची नाहीत.

एका कमांडने सगळ्या नावांतलं जोडचिन्ह काढून ऱ केला. एक अख्खा रविवार गेला, कारण आधी प्रत घेतली आणि ती तपासली. तेव्हापासून टॅग फक्त यादीतून निवडते, नव्याने टंकत नाही. साठाचे तेवीस टॅगही तेव्हाच केले. ‘पाऊस’, ‘पावसाळा’ आणि ‘मृग’ वेगळे ठेवून काय मिळत होतं? वर्षवार फोल्डर मात्र मोडले नाहीत, ते हवेतच.

गेल्या आठवड्यात आईने विचारलं, “अगं, आपली विहीर कुठल्या साली खणली?” विहीर आणि डायऱ्या असे दोन टॅग एकत्र लावले, नऊ पानं आली. तिसऱ्या पानावर बाबांच्या शाईत: ‘आज १९ हातांवर पाणी लागले.’ आईने लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि उरलेली सहा पानं मला वाचूनच दाखवली.