आईचा पेसमेकर आणि रिमोट मॉनिटर, वर्षभर वापरल्यानंतर

आईला दोन वायरवाला पेसमेकर बसवून आता वर्ष होत आलं, सोबत पेसमेकरचा डेटा क्लिनिकला पाठवणारा, घरी ठेवायचा मॉनिटर पण घेतला. हार्ट ब्लॉक होता, म्हणजे नस बंद नाही, हृदयातला विजेचा सिग्नल खाली पोचत नव्हता, पल्स पार 35 वर यायची, चक्कर येऊन पडायची. आता रोज सकाळी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरते, जिना चढते, त्या बाबतीत मशीनला पैकीच्या पैकी मार्क.

पण ऑपरेशनच्या वेळी एक गोष्ट आम्हाला कुणी धड सांगितली नाही. साधा पेसमेकर ठोके मंद होऊ देत नाही, बस. वरच्या कप्प्यात लय बिघडली, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन झालं, तर तो ते थांबवत नाही, फक्त मोड बदलतो (म्हणजे वरच्या वेड्यावाकड्या ठोक्यांमागे धावणं सोडतो, यालाच मोड स्विच म्हणतात) आणि मेमरीत नोंद करून ठेवतो. आणि ती नोंद वरच्या कप्प्यात वायर असेल तरच नीट होते, खालच्या कप्प्यातल्या एकाच वायरवाल्याला वरचं काही दिसत नाही.

मधल्या चेकिंगला टेक्निशियनने छातीवर ते माऊससारखं यंत्र ठेवलं, प्रिंट निघाली, त्यात मोड स्विचचे बरेच एपिसोड आणि सगळ्यात मोठा काही तासांचा. आईला कसली धडधड नाही, दम नाही, काहीच नाही! टेक्निशियन म्हणाला बॅटरी छान आहे काकू, या सहा महिन्यांनी. आम्ही तो कागद घेऊन कार्डिओलॉजिस्टकडे गेलो म्हणून पुढचं कळलं. त्यांनी आधी आतला ग्राफ स्वतः बघितला, कारण कधी कधी मशीन दुसरेच सिग्नल पकडून उगाच एपिसोड मोजतं.

इथे थोडं वाचलेलं सांगतो. 2012 च्या अ‍ॅसर्ट अभ्यासात 65 च्या पुढचे, बीपी असलेले, पेसमेकर किंवा आयसीडी (घातक लय शॉक देऊन मोडणारं यंत्र) बसवलेले 2580 लोक होते, आधी कुणालाच फिब्रिलेशन नव्हतं. पहिल्या तीन महिन्यांतच साधारण 10 टक्के लोकांत सहा मिनिटांपेक्षा मोठे एपिसोड सापडले आणि त्यांना स्ट्रोकचा धोका (वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते म्हणून) जवळपास अडीचपट निघाला. मग सगळ्यांनाच रक्त पातळ करायची गोळी द्यावी का, तर तसंही नाही. 2023 च्या आर्टेसिया अभ्यासात अ‍ॅपिक्साबॅन या रक्त पातळ करायच्या गोळीने अ‍ॅस्पिरिनच्या तुलनेत स्ट्रोक कमी केले, पण मोठा रक्तस्राव वाढला. त्याच वर्षीच्या नोआ अभ्यासात एडोक्साबॅन या तसल्याच गोळीचा फायदा स्पष्ट दिसलाच नाही. म्हणून डॉक्टर माणूस बघून ठरवतात, वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का याचे गुण मोजून. आईचं वय 71, बीपी आहे, शुगर आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) तपासून गोळी सुरू झाली. आणि गुडघ्यासाठी ती मेडिकलमधून परस्पर आणायची ती पेनकिलर त्यांनी बंद केली, कारण दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हे तर घराघरात चालतं, प्लीज बघा तुमच्याकडे.

आता मॉनिटरबद्दल. पलंगाशेजारी ठेवायचा, रात्री आपोआप डेटा जातो. आमच्या बेडरूममध्ये नेटवर्क लागत नव्हतं, खिडकीशी नेल्यावर चालला. कंपनीच्या माणसाने आम्हाला असं भासवलं की कुणीतरी चोवीस तास बघत बसलेलं असतं, तसं अजिबात नसतं. अलर्ट क्लिनिकमध्ये उघडतो तो त्यांच्या वेळेत. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली तर मशीनची वाट बघायची नाही, सरळ 108 लावायचा.

रोजच्या वापरात त्रास फार नाही. मोबाईल ब्लाउजमध्ये ठेवायची सवय मोडायला मात्र लागली, तो 15 सेंटीमीटर तरी लांब हवा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट राहायचं, चुंबकाचे पट्टे बिट्टे विकतात ते अंगाला लावायचे नाहीत. मेटल डिटेक्टरमधून न रेंगाळता जायचं आणि पेसमेकरचं कार्ड जवळ ठेवायचं, 2027 च्या सिंहस्थात आईला रामकुंडावर जायचंच आहे त्यामुळे ते लॅमिनेट करून पर्समध्ये टाकलंय.

ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांनी पुढच्या चेकिंगला बॅटरीसोबत एवढं विचारा: वरच्या कप्प्याचे एपिसोड आहेत का, सगळ्यात मोठा किती वेळाचा, आणि प्रिंट डॉक्टरांनी स्वतः बघितली का. आमच्यासारखी दोन्ही औषधं, बीपी-शुगरची आणि रक्त पातळ करायची, सुरू असताना कुणाच्या घरी दात काढायची वेळ आली असेल तर गोळी कशी मॅनेज केली ते सांगा, आईची एक दाढ हलतेय आणि डेंटिस्टने आधी कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी मागितलीये.