घरच्या ग्रीनहाऊसमधली हवा: उन्हाळा ते थंडी, वापरानंतरचा अनुभव

ग्रीनहाऊसमध्ये कोंदटपणा वाढला की बहुतेकांची पहिली धाव पंख्याकडे असते. कडक उन्हाळा, दमट ढगाळ दिवस आणि थंडी अशा तिन्ही काळांत निरनिराळी साधनं वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आतली हवा बदलणं हे एक काम आणि आतल्या आत ती हलती ठेवणं हे दुसरं. एकाच साधनावर दोन्ही भार टाकले तर उन्हाळ्यात रोपं होरपळतात किंवा थंडीत पानांवर बुरशी चढते.

माझं ग्रीनहाऊस साधारण 3 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दुपदरी पॉलीकार्बोनेटचं (पारदर्शक प्लॅस्टिकचं) आहे. सोबत छताला एकच खिडकी आली होती. छतातल्या खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ जमिनीच्या 15 ते 20 टक्के असावं, असा बागकामातला ठोकताळा आहे. त्या हिशेबाने मला 1.1 ते 1.5 चौरस मीटर उघडझाप हवी होती, आणि आलेली खिडकी त्याच्या निम्मीही नव्हती. तयार संचांत हे सर्रास दिसतं, त्यामुळे घेण्याआधीच टेप लावून बघावं. मी टप्प्याटप्प्याने छताला दुसरी खिडकी, खाली पट्ट्यांची झडप, मेणाच्या नळीवर चालणारं खिडकी-उघडं, आत फिरणाऱ्या हवेसाठी दोन छोटे पंखे आणि शेवटी थर्मोस्टॅटवरचा, म्हणजे तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा, एक्झॉस्ट फॅन बसवला.

सगळ्यात जास्त फरक पडला तो खालच्या झडपेने. ती मी रोपांच्या मांडणीच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नेहमीचा वारा येतो त्या बाजूला लावली. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि छताच्या खिडकीतून निघते हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत आली नाही, तर वरची खिडकी अर्धंच काम करते. एकाच भोकातून आत-बाहेर करताना हवा अडखळते. खालची आणि वरची उघडझाप यांच्यातली उंची जितकी जास्त, तितका हा ओढा जोरदार, म्हणून झडप कंबरेच्या उंचीला लावून फायदा कमी मिळतो. वारा पडलेल्या दुपारी मी उदबत्ती झडपेजवळ धरून पाहिली. धूर आत ओढला जाऊन सरळ मांडणीखालून छताकडे निघाला. वीज नाही, आवाज नाही, बिघडण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या, असं मी कुणालाही सांगेन.

मेणाचं खिडकी-उघडं हे मला अतिशय आवडलेलं साधन. नळीत विशिष्ट तापमानाला वितळणारं मेण असतं. ते वितळताना फुगतं आणि दांडा बाहेर ढकलतं, थंड झालं की स्प्रिंग खिडकी मिटवते. नळी आट्यांवर फिरवून खिडकी कुठल्या तापमानाला उघडायला सुरुवात करेल ते ठरवता येतं; माझी मी साधारण 20 अंशांवर ठेवली आहे. घरी कुणी नसतानाही खिडकी उघडते, हा मनाचा केवढा मोठा निवांतपणा आहे!

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मेण तापायला वेळ लागतो. ढगाआडून एकदम ऊन आलं की आतलं तापमान झपाट्याने चढतं आणि खिडकी पंधरा-वीस मिनिटं मागे राहते. संध्याकाळी गार वारा सुटला तरी ती तशीच सावकाश मिटते. जड काचेची खिडकी असेल तर उचलण्याची क्षमता आधी तपासा. साधी खिडकी-उघडी सहा-सात किलोच्या आसपासच उचलतात. सोसाट्याच्या वाऱ्यात उघडी खिडकी हिसके खाते, म्हणून दुहेरी स्प्रिंगचा प्रकार घेतलेला बरा. आणि खिडकी बाहेरून कडीने घट्ट अडकवली असताना नळी तापू देऊ नये. मेण फुगणारच, आणि जोर दांड्याच्या सीलवर येतो. कडक थंडीत खिडकी बंदच ठेवायची असेल तर नळी काढून ठेवावी, दांड्याला वर्षातून एकदा तेलाचा हात द्यावा.

आता पंखे. दोन छोटे पंखे मी समोरासमोरच्या लांब भिंतींवर, एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करून लावले. त्यामुळे हवा आतल्या आत गोल फिरते. वेग फार नको, सेकंदाला पाव ते अर्धा मीटर पुरे. पानं हलकेच थरथरली पाहिजेत. फडफडत असतील तर वेग जास्त आहे. पानाला चिकटून बसलेला दमट, स्थिर हवेचा पातळ थर मोडायला एवढी हालचाल पुरते. तो थर मोडला की पानातून बाष्प नीट निघतं, आणि उन्हात प्रकाशसंश्लेषण जोरात असताना पानाजवळ कमी पडणारा कार्बन डायऑक्साइडही भरून निघतो.

हे पंखे दिवसापेक्षा रात्री अधिक कामाचे आहेत. संध्याकाळी 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेची हवा आत कोंडली, तर ती साधारण 21 अंशांपर्यंत उतरताच दव धरायला लागते. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होतं, त्यामुळे त्यावर दव आधी जमतं. करड्या बुरशीला तासन्‌तास ओलं राहिलेलं पान म्हणजे आमंत्रणच. हवा हलती राहिली की पानाचं तापमान हवेच्या जवळ राहतं आणि पहाटेचा ओलावा खूप कमी होतो. पूर्वी थंडीत टोमॅटोच्या खालच्या पानांवर आणि देठांच्या जखमांवर करडी बुरशी हटकून यायची. या थंडीत एखाददुसऱ्या पानावर दिसली, तेवढीच. संध्याकाळी पाणी देणंही मी बंद केलं आहे, तेव्हा सगळं श्रेय पंख्यांना देणं रास्त नाही. भुरीवर (पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीवर) मात्र पंख्यांचा तितका परिणाम दिसला नाही. तिला ओलं पान लागतच नाही, त्यामुळे हे अपेक्षितच होतं.

पंखे घेताना पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेलेच घ्या, आयपी 44 किंवा त्याहून वरचे. ग्रीनहाऊसमधल्या वीजजोडणीला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. ओली जमीन, ओले हात आणि वीज, इथे काटकसर नको.

एक्झॉस्ट फॅन मला उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांपुरताच लागला. मिनिटाला एकदा आतली सगळी हवा बदलली जावी, हा त्याच्या क्षमतेचा अंदाज. माझ्या 16 घनमीटरला म्हणजे तासाला हजारएक घनमीटरचा पंखा. तो लावला की त्याच्या जवळची छताची खिडकी बंद करायची, नाहीतर तो तिथूनच हवा ओढतो आणि समोरची झडप नुसती बघत राहते. थर्मोस्टॅट सावलीत, रोपांच्या उंचीला हवा. त्यावर थेट ऊन पडलं तर पंखा उगाच धावत राहतो. कितीही मोठा पंखा लावला तरी आतलं तापमान बाहेरच्याखाली जात नाही, हेही ध्यानात ठेवावं. बाहेर 38 अंश असताना माझ्या टोमॅटोची फुलं गळलीच. तिथे उपाय सावलीच्या जाळीचा, आणि तीही छताच्या बाहेरून. आतून लावली की ऊन आधीच आत शिरलेलं असतं.

कीडरोधक जाळीबद्दल थोडं. पांढरी माशी अडवायला 50 मेशची (इंचाला 50 भोकांची) जाळी लागते, फुलकिड्यांना त्याहूनही बारीक. पण जाळी जितकी बारीक तितकी हवा अडते. उपाय एकच: झडपेवर सपाट जाळी न ताणता पुढे पेटीसारखी चौकट बांधून जाळीचं क्षेत्रफळ दीड-दोन पट करायचं. धूळ बसली की तीही गुदमरते, म्हणून ब्रशने अधूनमधून धुवावी.

सौरऊर्जेवरचा छोटा पंखा मी काढून टाकला. ऊन असेपर्यंतच चालतो, म्हणजे पहाटेच्या दवाच्या वेळी बंद, आणि भर दुपारी हवा बदलण्याइतकी ताकद नाही. बॅटरीसह घेतला तर विचार करता येईल.

थंडीत हल्ली मी दुपारी ऊन असताना अर्धा तास छत आणि झडप दोन्ही उघडते. ऊब थोडी जाते, पण साठलेलं बाष्प बाहेर पडतं, आणि बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की चांगलीच कोरडी होते. पॉलीकार्बोनेटच्या आतल्या बाजूने ओघळणारं पाणी तेव्हापासून जवळपास थांबलं आहे.