बेस एसयूव्ही, काही महिने वापरल्यावर: गाडी झकास, पण मागची काच!

कालच सर्व्हिस सेंटरवरून आलोय, डोकं अजून तापलेलंच आहे, त्यामुळे हे लांबणार आणि एकाच गोष्टीवर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो. इंजिन किती सीसीचं, टॉर्क किती, डिकी किती लिटरची हे सगळं बेस (सगळ्यात स्वस्त व्हेरिएंट) घ्यायची का मिड (त्याच्या वरचं) या चक्रात अडकलेल्या माणसाला तोंडपाठ असतंच, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय मागच्या काचेबद्दल. बेसला मागे वायपर नाही, पाणी मारणारा वॉशर नाही, काच गरम करून धुरकटपणा घालवणारा डिफॉगर नाही. काच आहे, बस.

आधी बेस का घेतली ते सांगतो. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पत्रा तोच, सस्पेन्शन तेच. टॉपला जास्तीचं काय तर सनरूफ, मोठी स्क्रीन, थंड हवेच्या सीटा, दरवाज्यात रंगीत लायटी, अॅलॉय आणि पुश बटन. यातलं सनरूफ मला फुकट दिलं तरी नको (भर उन्हात डोक्यावर काच घेऊन फिरायची हौस कुणाला असते देव जाणे), आणि बाकीचं हवं असेल तर नंतर बाहेरून बसवता येतं, मग त्याचे पैसे कंपनीला कशाला द्या. त्यात शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर, बेस कोणी घेत नाही, फक्त जाहिरातीत किंमत दाखवायला असते." हे असलं काही ऐकलं की माझ्यातला चिकट माणूस जागा होतो. घेतली बेसच.

सेफ्टीत मात्र काटकसर नाही हे पक्कं होतं, आणि बेस बघणाऱ्याने पहिल्यांदा तेच बघावं. एबीएस आता सगळ्यांनाच माहितीये, १९७८ पासूनची गोष्ट आहे ती, खरा प्रश्न ईएससीचा असतो. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक मारून सरळ करणारी ही सिस्टीम १९९५ मध्ये पहिल्यांदा विकायच्या गाडीत आली, आणि उंच गाडीला तर ती हवीच कारण वजन वर असतं. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतीये हे सेन्सर बघतात, सगळं ब्रेकच्या युनिटशी जोडलेलं असतं, नंतर कुठल्याही गॅरेजात बसवून मिळत नाही. तसंच कर्टन एअरबॅग आणि लहान मुलांच्या सीटचे आयसोफिक्सचे हुक, ते बॉडीलाच असतात. क्रॅश टेस्टचे स्टार बघताना कुठलं व्हेरिएंट आपटलंय तेही बघा. ग्लोबल एनकॅपवाले (गाड्या आपटून स्टार देणारी संस्था) सगळ्यात कमी सेफ्टी फीचरवालं मॉडेल निवडतात, म्हणजे ते स्टार बेसवाल्याच्या कामाचे. पण सगळ्या टेस्ट तशा नसतात, काही ठिकाणी जास्तीचं पॅकेज लावलेल्या गाडीचेही वेगळे स्टार देतात, ते आपले नव्हेत. माझ्या बेसमध्ये हे सगळं होतं, म्हणून निवांत होतो.

आणि मग पाऊस आला.

सेडानवाल्यांना हा त्रास कळणार नाही. त्यांची मागची काच तिरकी असते, छतावरून आलेली हवा काचेला घासून खाली जाते आणि थेंब पळवते, म्हणून बऱ्याच सेडानला मागे वायपर नसला तरी चालतं. एसयूव्हीची पाठ भिंतीसारखी सरळ. हवा छताच्या टोकाशी सुटते, गाडीच्या मागे दाब कमी होतो, तिथे भोवरा फिरत राहतो आणि टायरने उडवलेला सगळा चिखल त्या भोवऱ्यात ओढला जाऊन काचेवर येऊन बसतो. मागच्या स्पॉयलरने काही होत नाही, असलाच तर उलट पावसाचं स्वच्छ पाणीसुद्धा काचेपर्यंत पोचू देत नाही. थोडा वेळ ओल्या रस्त्यावर चालवली की मधल्या आरशात फक्त एक तपकिरी चौकोन दिसतो, मागे ट्रक आहे का स्कूटर आहे का कोणीच नाही, ओळखा पाहू. रात्री तर मागच्याच्या हेडलाइटने तो चौकोन सगळा पेटतो आणि त्यात काहीच दिसत नाही.

यावर लोक जे उपाय सांगतात ते सगळे करून झाले. काचेला पाणी न चिकटणारं लिक्विड लावा म्हणतात. पुढच्या काचेवर भारी चालतं ते, कारण समोरून वारा येऊन थेंब ढकलतो. मागे वारा ढकलायला आहेच कुठे? थेंब छान गोल गोल होऊन तिथेच बसतात आणि चिखल वाळला की त्यांचे ठिपके उरतात. मग कॅमेरा लावा म्हणतात. लावला. तो नंबरप्लेटच्या वर बसतो, म्हणजे त्याच भोवऱ्यात, काचेच्या आधी त्याचीच लेन्स भरते. शेवटी दरवाज्याच्या खणात काच पुसायचा रबरी वायपर आणि पाण्याची स्प्रेची बाटली ठेवलीये. पेट्रोल भरायला थांबलो की उतरायचं, फवारा मारायचा, वरून खाली एक हात ओढायचा. नवी कोरी गाडी आणि मालक मागे उभा राहून काच पुसतोय! बायको आतून आरशात बघून हसत असते, म्हणते, "टॉप घेतली असती तर एक बटन दाबलं असतं."

तर हिशेब असा मांडला की वायपर काय, मोटर, आर्म, पाइप, झालं, कंपनीचेच पार्ट विकत घेऊन बसवू. बसवायच्या आधी घरीच डिकीच्या दारामागचं प्लास्टिकचं पॅनल उघडून बघितलं, कडेकडेने बोटं घालून हळूच ओढलं की क्लिपा सुटतात, फार अवघड नाही. आणि आत काय, तर वायरिंग आलेलंय! पांढरा कपलर (वायर जोडायचं प्लास्टिकचं टोक), त्याला फोमचा तुकडा गुंडाळून टेप मारलेली आणि मुख्य वायरच्या जुडग्याला बांधून ठेवलेला, खडखड होऊ नये म्हणून. पत्र्यात मोटर बसवायला तीन बोल्टची भोकंही पाडलेली. म्हणजे सगळ्या व्हेरिएंटला दार एकच, वायरिंग एकच, फक्त माझ्या गाडीत त्या कपलरला पुढे काही जोडलेलं नाही. मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं, लगेच फोटो काढले.

ते फोटो घेऊन काल सर्व्हिस सेंटरला गेलो. अॅडव्हायजरने ऐकून घेतलं, फोटो बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि म्हणाला, "सर, पार्ट आहे, पण तुमच्या व्हेरिएंटला नाही." म्हटलं, अहो कपलर आहे, भोकं आहेत, मोटर विका मला, बसवायचं मी बघतो. तर म्हणे, चेसिस नंबर टाकल्यावर सिस्टीम तो पार्ट दाखवतच नाही. मग वरचे साहेब आले, ते म्हणाले बाहेरून बसवलंत तर इलेक्ट्रिकलची वॉरंटी जाईल. म्हटलं वायर कापतच नाहीये मी, कपलरला कपलर लावायचाय. त्यावर उत्तर, "पॉलिसी आहे सर." आणि जॉब कार्डावर काय लिहिलं? 'ग्राहकास माहिती दिली.' कसली माहिती दिली? वायपर नाही ही? ती मला होती की!

पण खरा मुद्दा शेवटी तिथल्या मेकॅनिकनेच सांगितला, साहेब लोक आत गेल्यावर. म्हणाला, "मोटर मिळेल हो कुठेही, पण काचेला भोक कुठाय?" मोटरचा दांडा काचेतून बाहेर येतो, टॉपच्या काचेला ते भोक कारखान्यातच असतं. मागची काच टफन केलेली असते, तिला नंतर ड्रिल लावलं की अख्ख्या काचेचा भुगा. म्हणजे काच बदलायची. काच बदलायची तर डिफॉगरवालीच घेऊ, मग डिफॉगरचा रिले, स्विच, आणि वायपर चालवायला स्टिअरिंगजवळची दांडीसुद्धा टॉपची पाहिजे, आणि एवढं करून गाडीच्या कंट्रोल युनिटला हे सगळं लागलंय हे कळवायचं ते कंपनीच्याच मशीनवर. जे म्हणतात पॉलिसी आहे सर.

(इथपर्यंत त्याच दिवशी लिहिलं होतं. पुढचं दोन-चार दिवसांनी लिहितोय, जरा शांत झालोय, आणि मतही थोडं सरकलंय.)

परत एकदा भर पावसात लांब जाऊन आलो, गाडी पूर्ण भरलेली, आणि लक्षात आलं की मी उगाच वायपर वायपर करत होतो, जास्त नडतोय तो डिफॉगर. चिखल बाहेर असतो, थांबून पुसला की काही वेळ तरी भागतं. पण पाच माणसं ओल्या कपड्यांनी आत बसली की काच आतून धुरकट होते, ती पुसली तर दोन मिनिटांत परत तशीच, वर फडक्याचे ओघळ. पुढच्या काचेवर एसीची कोरडी हवा मारता येते, मागे ती पोचतच नाही, बेसला मागे एसीचे व्हेंटपण नाहीत. रीसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा घ्यायची, एसी चालू ठेवायचा, मागच्या खिडक्या बोटभर खाली करायच्या, एवढं केल्यावर हळूहळू निवळते, तोवर मागे बसलेले कुरकुरत राहतात की पाणी येतंय.

डिफॉगरच्या त्या बारीक तांबूस रेघा दिसतात ना काचेवर, त्या चांदी असलेल्या पेस्टने छापून काचेबरोबरच भाजलेल्या असतात. चिकटवायच्या पट्ट्यांचे किट मिळतात, पण दहा-वीस अँपिअर खेचणारी गोष्ट गोंदाने चिकटवून वर डिकी धाडधाड आपटायची, मला नाही धीर झाला. या दोन गोष्टी बाहेरून होत नाहीत म्हणजे नाहीत.

आता बाकीचं भराभर सांगतो, कारण बाकी गाडीने खरंच खूश केलंय.

स्टील रिम आणि छोटे टायर, ज्यावर मित्रांनी सगळ्यात जास्त टोमणे मारले, तीच आता माझी आवडती गोष्ट. बेसला २१५/६५ आर १६ आहेत, टॉपला २१५/५५ आर १८. गुणाकार करा, माझ्या टायरची भिंत साधारण १४० मिलिमीटर, टॉपची ११८. चाक बाहेरून जवळपास तेवढंच उंच, पण माझ्याकडे रबर जास्त. खड्ड्यात फरक सरळ कळतो, टॉप चालवून बघितली तर धक्का पाठीपर्यंत येतो. शिवाय स्टीलचं रिम आपटलं तर वाकतं आणि ठोकून सरळ होतं, अॅलॉयला तडा गेला की बदला. टायर बदलायची वेळ आली की १६ आणि १८ च्या किमतीतला फरकही विचारून ठेवा. प्लास्टिकच्या व्हील कॅप मात्र फालतू आहेत, एक कुठेतरी उडून गेली, मी उरलेल्याही काढून टाकल्या.

हेडलाइट हॅलोजन, एच४, ६०/५५ वॅटचा. शहरात ठीक, बाहेर अंधारात कमी पडतो. त्यात एलईडी बल्ब टाकू नका कृपा करून, तो रिफ्लेक्टर फिलामेंट कुठे आहे त्या हिशेबाने बनवलेला असतो, एलईडी टाकला की उजेड सगळीकडे फाकतो आणि समोरचा शिव्या घालतो. चांगल्या कंपनीचा तेवढ्याच वॅटचा बल्ब टाकला, काच स्वच्छ ठेवली आणि लाइटची उंची नीट सेट करून घेतली, तेवढ्याने बराच फरक पडला.

म्युझिक सिस्टीम बाहेरून बसवली, कपलरवाली, वायर न कापता. तिच्यामुळे मध्ये बॅटरी उतरायला लागली, सर्व्हिसवाल्यांनी अर्थातच हात वर केले. मल्टिमीटर लावून बघितलं तर गाडी बंद असतानाही दोनशेच्या वर मिलिअँपिअर जात होते, पन्नासच्या आत असायला हवेत. बसवणाऱ्याने मेमरीची आणि चालू-बंदची वायर दोन्ही थेट बॅटरीच्या लाइनला दिलेल्या. एक वायर इग्निशनवर घेतल्यावर मिटलं. मॅन्युअल एसी, साधी चावी, हाताने फिरवायचे आरसे, कशाचंही काही वाटत नाही. ड्रायव्हर सीट वरखाली होत नाही, मला चालतं, बायकोला उशी घ्यावी लागते, ती या मुद्द्यावर वेगळा रिव्ह्यू लिहील.

परत घ्यायची वेळ आली तर? टॉप तर नाहीच. जी काही बेसच्या वरची पायरी असेल आणि तिच्यात डिफॉगर आणि वायपर दोन्ही असतील तर तिथे थांबीन, आणि ती पायरी फार महाग असली तर फक्त डिफॉगरवाली शोधीन. शोरूममध्ये उभी असते ती गाडी टॉपच असते, ब्रोशरमधला फोटोही टॉपचाच, त्यामुळे फीचरच्या तक्त्यात बेसच्या रकान्याखाली मागच्या काचेसमोर टिक आहे का आडवी रेघ ते बघा, आणि यार्डात बेसची खरी गाडी असेल तर तिच्या मागे जाऊन उभे राहा. रेघा दिसतात का, भोक आहे का. सेल्समन "नंतर बसवून देऊ सर" म्हणाला तर ते पार्ट नंबरसकट बुकिंगच्या कागदावर लिहून मागा, तो लगेच साहेबांना विचारून येतो म्हणेल.

टॉपच्या ठोकलेल्या गाडीचं अख्खं डिकीचं दार काचेसकट भंगारात मिळतं असं तो मेकॅनिक म्हणत होता. रंग जुळायला पाहिजे म्हणे. नंबर घेऊन ठेवलाय त्याचा.